वेचणीच्या दिवसांतली गाडी

कापूस फुटला की आमच्या गावात सकाळी गाड्या खोकायला लागतात. दिवाळी होऊन जाते, पैनगंगेकडून गार वारा सुटतो, आणि दवात भिजलेल्या जीपा, टेंपो, कुणाची एखादी जुनी मोटार एकेक करून जागी व्हायला लागते. कुणी चावी फिरवतं. इंजिन घुंऽघुं करून गप्प होतं. पुन्हा फिरवतं. मी अंगणातल्या चुलीवर पाणी ठेवून हात शेकत बसलेली असते, आणि माझं ऐकणं सुरू होतं. ह्याचा प्लग ओला झाला. ह्याची बॅटरी उतरली. ह्यानं चोक ओढलाच नाही. सांगायला जावं असं कुणी नसतं, मला विचारलेलंही कुणी नसतं. पण एकदा कान तयार झाला की तो बंद करता येत नाही.

मी शिलाई करणारी बाई. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. हा कान मला माझ्या नवऱ्यानं दिला, एकाच हंगामात. दिवाळी ते संक्रांत. तसे दिवस मोजले तर फार भरत नाहीत. पण माझ्या आयुष्यात लग्नाची इतकी वर्षं एकीकडं आणि ते दोन-अडीच महिने एकीकडं, असं काहीतरी झालं आहे.

गाडी लहान होती, चार दारांची, पांढरी. निदान कागदावर तरी पांढरी. आमच्या ह्यांनी, म्हणजे माधवरावांनी, ती घेतली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य सरलेलं होतं. आमचा भाजीचा मळा होता. मेथी, पालक, वांगी, टमाटे. भाजी आदिलाबादच्या बाजारात न्यायला ह्यांनी ती आणली आणि पहिल्याच दिवशी मागची सीट काढून गोठ्यात टाकली. तिच्यावर कोंबड्या अंडी घालायच्या. गाडीत कायम मेथीचा आणि पेट्रोलचा एकत्र वास असायचा. मला तो वास आवडायचा नाही. आज तो कुठं मिळेल असं कुणी सांगितलं तर मी चालत जाईन.

गाडी आणि हे, दोघांचं बोलणंच वेगळं. ती आठवड्यातून एकदा तरी रुसायची आणि हे तिच्या पोटाखाली पाठ टेकून पडलेले असायचे. तिला मिस्त्रीकडं नेणं ह्यांना अपमान वाटायचा. टाकी पाझरायला लागली तर कपड्याचा साबण रगडून भोक बुजवायचे. तळाचा पत्रा गंजून रस्ता दिसायला लागला तेव्हा तेलाचा पिपा कापून तो तुकडा ठोकला. माझ्या मशीनच्या तेलाची कुपी नेहमी रिकामी सापडायची. माझ्या जुन्या लुगड्यांची फडकी व्हायची. मी चिडायची. "घरात दोन बाया हायेत वाटते," असं म्हणायची. हे गाडीखालूनच हसायचे. नुसते पाय हसताना दिसायचे.

मग ह्यांचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, मळ्यात उभं राहून असेल. मग चेहरा सुजला. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. आठवड्यातून दोनदा रक्त धुवावं लागेल. सोमवार आणि गुरुवार, सकाळी सातची पाळी. त्यासाठी डाव्या हाताच्या मनगटाजवळ एक छोटी शस्त्रक्रिया केली. तिथं बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरावं तसं काही थरथरायचं. "या हातानं वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले, "ही शीर गेली तर पंचाईत होईल."

दवाखान्यातून घरी आल्यावर हे अंगणात गाडीजवळ थांबले. डावा हात पोटाशी धरलेला. उजव्या हातानं बॉनेटवरची धूळ पुसली. मग मला म्हणाले, "शकू, आता पाना तुले पकडा लागते."

मला वाटलं गंमत करतायत.

सकाळची पहिली एसटी आमच्या फाट्यावर येते तीच मुळी आठला. वेचणीच्या दिवसांत तर ती बायांनी आणि गाठोड्यांनी भरलेली. परत येताना ह्यांचं डोकं गरगरायचं, रक्तदाब खाली जायचा, उभं राहवायचं नाही. एकुलती लेक रेखा सासरी किनवटला, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. तेव्हा सोमवारी आणि गुरुवारी सातच्या आत आदिलाबादला पोचवणारं आमच्याकडं एकच होतं, ती गाडी. आणि गाडीला चालवणारं कुणी नव्हतं.

सोयाबीन काढून झालेलं होतं. रिकाम्या शेतात मी गाडी शिकले. साडी खोचून, चप्पल काढून. हे बाजूच्या सीटवर, मांडीवर उशी, उशीवर तो हात. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची आणि बंद पडायची. मी रडकुंडीला यायची. हे ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मशीन चालवतानी तू पायानं किती दाबतं, ते कोनं सांगितलं होतं का तुले? पायालेच समजते ना? तसंच हाय हे."

आणि खरंच, मशीन म्हटल्यावर माझी भीती गेली. पट्टा, चाक, तेल, ताण. हे तर मी रोजच करत होते. फक्त हे लोखंड मोठं होतं आणि तापायचं.

आमचा दिवस ठरून गेला. आदल्या संध्याकाळी उजेड असतानाच मी इंजिनाच्या तीन सिलिंडरांचे तीन प्लग काढायची, पेट्रोलात धुवायची, पॉलिश पेपरनं घासायची. मधली फट करवतीच्या पात्यानं मोजायची. पातं अडून जायला हवं, पडून जायला नको. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड साठायची, तिच्यावर गरम पाणी. हे खाटेवर बसून बघायचे. उजवा हात हवेत फिरायचा, जणू पाना त्यांच्याच हातात आहे. "अजून अर्धा फेरा. बस. आता नको. जास्ती आवळशीन तं आटे जातीन." सकाळी मी चावी फिरवली की हे डोळे मिटायचे आणि ऐकायचे.

"सांग, काय म्हणते?"

"काई नाई. सुरू झाली."

"सुरू झाली ते समजते मले. बोलते काय ते सांग. तिन्ही बोलून राह्यले का दोनच?"

मी ऐकायची. हळूहळू मला दोन आणि तीन यांतला फरक कळायला लागला. दोनच चालत असले की आवाजात एक लंगडेपणा असतो. तो कळला त्या दिवशी हे इतके खूश झाले की डायलिसिसच्या नर्सला सांगितलं. ती तेलुगू बोलणारी, हिंदी मोडकी. हे तिला म्हणाले, "सिस्टर, ये मेरी बायको नहीं, मिस्त्री है." सिस्टरनं माझ्या काळ्या हातांकडं पाहिलं आणि साबणाची वडी पुढं केली.

रस्त्यानं दोन्ही बाजूंना पांढरं फुटलेलं असायचं. डोक्याला रुमाल बांधून, कमरेला ओटी लावून बाया वेचायला निघालेल्या. हे खिडकीची काच उतरवायचे. थंडी वाजायची, पण काच उतरवायचेच. कापसाच्या शेताला वास नसतो असं मला वाटायचं. हे म्हणायचे, असतो, दवातल्या पाल्याचा असतो. मी गाडीच्या आवाजात असायची, हे त्या वासात.

एकदा परत येताना अर्ध्या वाटेवर बॉनेटखालून वाफ यायला लागली. मी गाडी बाजूला घेतली. रेडिएटरला खालून चीर पडली होती, पाणी ठिबकत होतं. चार तास सुया टोचून घेतलेले हे सीटवर मान टाकून बसले होते, ओठ फुटलेले. त्या आजारात पाणी मोजून मिळतं. दिवसभरात एक लहान तांब्या, त्यातच चहा, त्यातच औषधाच्या गोळ्या. त्यापेक्षा जास्त झालं तर ते पाणी अंगात साठतं, छातीत चढतं. हे सकाळी तांब्या भरून समोर ठेवायचे आणि दिवसभर त्याच्याकडं बघत राहायचे.

शेतातून एक म्हातारी बाई बाहेर आली. ओटी कापसानं फुगलेली.

"काय झालं वं बाई?"

"गाडी तापली, मावशी. पाणी पायजे होतं."

ती बांधावरचा कॅन आणि तांब्या घेऊन आली. मी गाडी गार व्हायची वाट पाहिली, ओलं फडकं टाकून झाकण उघडलं, आणि ह्यांनी शिकवल्याप्रमाणे गाडीत ठेवलेल्या डब्यातली हळद दोन चमचे आत सोडली. हळद चिरेत जाऊन बसते, घरापर्यंत पोचवते. मग पाणी ओतायला लागले. रेडिएटर गटागटा पाणी प्यायचा. एक तांब्या, दोन तांबे, चार. हे दार उघडून पाय जमिनीवर टेकून बसले होते आणि ते पाणी आत जाताना बघत होते. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती.

म्हातारीनं तांब्या त्यांच्यापुढं केला. "तुमी बी घ्या ना भाऊ. किती सुकले."

"मले नाई चालत, मावशी. डॉक्टरनं बंद केलं." हे हसले. "गाडीले पाजा. तिच्यावर बंदी नाई."

मावशी हसली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग ओटीतून कापसाचा एक पुंजका काढला, त्यातली काडी, पाल्याचा चुरा बोटांनी वेचून टाकला, पाण्यात बुडवून पिळला आणि ह्यांच्या उजव्या हातावर ठेवला.

"व्होठाले लावा. हे पिणं नाई होत."

ह्यांनी तो कापूस ओठांना लावून ठेवला. किती वेळ तरी. मी झाकण बसवलं, इंजिन सुरू केलं, ठिबकणं थांबलं का ते वाकून पाहिलं. थांबलं होतं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. गाडीला जे मी करू शकत होते, ते माणसाला करता येत नव्हतं.

डिसेंबर सरत आला होता तेव्हा आमचं भांडण झालं. मळ्यात मेथी तरारली होती. मी बॉनेटमध्ये वाकलेली, आणि हे खाटेवरून सांगायला लागले, बाजाराच्या दिवशी गाडी कोणत्या बोळातून आत घ्यायची, वजनाला कुणाजवळ उभं राहायचं, पालकाच्या जुड्या खाली ठेवायच्या नाहीत, चेपतात. मी हूं हूं करत होते. मग एकदम हात थांबले.

"हे समदं तुमी कोनासाठी सांगून राह्यले?"

ह्यांनी मान वळवून मेथीच्या वाफ्याकडं पाहिलं.

"दवाखान्यात न्यायले गाडी शिकवली, ते ठीक हाय. बाजार काऊन शिकवून राह्यले मले?"

"तुले मालूम हाय काऊन ते."

"नाई मालूम मले. अन् मले नाई शिकायचं."

हातातला पाना मी फेकला. तो मेथीच्या वाफ्यात जाऊन पडला. हे उठून आत गेले. उंबऱ्याजवळ धापा टाकत थांबले आणि मग गेले.

दोन दिवस मी गाडीला हात लावला नाही. बुधवारी संध्याकाळीही नाही. मी मशीनवर बसले आणि कुणाचे तरी गणवेश शिवत राहिले. मला वाटत होतं, मी शिकायचं थांबवलं की जे व्हायचं आहे तेही थांबेल. बाई शहाणी असून कधी कधी असं लहान लेकरासारखं वागते.

गुरुवारी कडाक्याची थंडी होती. चावी फिरवली, गाडी घुंऽ करून गप्प. पुन्हा गप्प. पाणी गरम करून ओतलं. शेजारच्या चार माणसांनी ढकलली, फाट्यापर्यंत ढकलत नेली. शेवटी ती उठली, पण दोनच बोलत होते, लंगडत होती. आम्ही पोचलो तेव्हा आमची वेळ कधीच टळून गेली होती. सिस्टरनं खाट दुसऱ्या पेशंटला दिली होती. तिचा काही दोष नव्हता, तो माणूसही तसाच सुजलेला होता. दुपारी अर्धीच पाळी मिळाली. परत आल्यावर ह्यांना ओट्याच्या तीन पायऱ्या चढवेनात.

मी ह्यांच्या पायांजवळ बसले. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मी बोट काढत नव्हते.

"प्लग पाह्यले नव्हते का?" ह्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग बरोबर. तिचा गुन्हा नाई."

माझा आहे असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. अंधार पडायच्या आत मी मेथीच्या वाफ्यात उतरले. ओणवी होऊन हातानं चाचपत तो पाना शोधला, पुसला, तेल लावलं. मग खाटेजवळ गेले आणि म्हटलं, "सांगा, कोनत्या बोळातून आत घ्यायची."

त्यांनी सांगितलं. मी सगळं ऐकलं.

संक्रांतीच्या आठवड्यातला सोमवार होता. जाताना इंजिनाचा पट्टा सारखा किंचाळत होता. हे हसून म्हणाले, "हे तं तुलेच समजते, मी काय सांगू? सैल झाला. मी आत हावो तवरीक लावून घेशीन." मी त्यांना खाटेवर निजवलं, पांघरूण पायांवर घातलं. सिस्टरनं सुया लावल्या. मी दवाखान्याच्या आवारात आले, निंबाच्या झाडाखाली बॉनेट उघडलं आणि बोल्ट सैल करून पट्टा ताणायला घेतला.

सिस्टर धावत आली. "अम्मा, रा अम्मा! जल्दी आव!"

माझा एक हात पट्ट्याखाली होता, दुसऱ्यात पाना. सोडला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी मान वर न करता म्हटलं, "दो मिनिट, सिस्टर."

ती थांबली नाही, पुन्हा आत पळाली. तेव्हा मला कळलं.

मी गेले तेव्हा पडदा ओढलेला होता. डॉक्टर हात पुसत होते. हृदय बंद पडलं, म्हणाले, एका क्षणात. सिस्टरनं मला खूपदा सांगितलं की त्या दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. मोडक्या हिंदीत, मग तेलुगूत, मग नुसता हात धरून. मला ते पटतं. डोक्याला पटतं. पण ती दोन मिनिटं कुठं ठेवायची हे मला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्याजवळ नव्हते. मी त्यांना घरी न्यायची तयारी करत होते.

त्यांना दवाखान्याच्या गाडीतून गावी आणलं. आमची गाडी तिथंच राहिली. अंगणात बाया जमल्या, माझ्या बांगड्या काढायला त्यांनी हात धरले आणि थांबल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. "आधी हात तं धुवा वं इचे," कुणीतरी म्हणालं. त्यांनी राख लावली, साबण लावला, घासलं. चामडीवरचं गेलं, नखांतलं गेलं नाही. लेक आली, माझे हात हातात घेऊन पाहत राहिली. तेरवीपर्यंत मी नखं काढली नाहीत.

तेरवी झाल्यावर जावई म्हणाले, गाडी ओढून आणतो. मी नको म्हटलं आणि एसटीनं गेले. बॉनेट कुणीतरी सभ्य माणसानं खाली करून ठेवलं होतं. वर निंबाचा पाला पडलेला. आत बोल्ट मी सोडला तसाच सैल. मी पट्टा ताणला, आवळला, अंगठ्यानं दाबून पाहिला. बोटाच्या रुंदीएवढा दबला, म्हणजे बरोबर. मग आत बसले आणि चावी फिरवली. पंधरा दिवस थंडीत उभी असलेली गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तिन्ही बोलत होते.

तेवढं नको होतं. तिनं थोडं रुसायला हवं होतं.

बाजूच्या सीटकडं न बघता मी घरी आले. आणि पुढच्या बाजाराला भाजी घेऊन गेले, त्यांनी सांगितलेल्या बोळातून. पालक वर ठेवला. तीन हंगाम मी गाडी तशी चालवली. कधी कार्बोरेटर उघडला, कधी क्लचची तार बदलली, तळाला पिप्याचा दुसरा तुकडा ठोकला. पण मग तिचे भाग मिळेनासे झाले. रेखा फोनवर रडायची, "आई, रस्त्यात एकटी अडकशीन." यंदा भाजी न्यायला गावातला टेंपो ठरवला आणि गाडी अंगणात उभी राहिली. उभी राहून कुजताना तिला बघवेना.

दसऱ्यानंतर तेलंगणातल्या निर्मल गावाकडचा एक माणूस ती घ्यायला आला. जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करतो म्हणाला. हिंदीत विचारलं, काय काय बिघाड आहे. मी सांगायला लागले. रेडिएटरला खाली चीर, हळदीवर चालते. तिसरा प्लग लवकर काळा होतो. थंडीत चोक पूर्ण ओढायचा, पण सुरू झाल्यावर लगेच अर्धा सोडायचा, नाहीतर तिला ठसका लागतो. दुसरा गिअर हळू घालायचा. पट्टा महिन्यातून एकदा बघायचा. तो आश्चर्यानं ऐकत होता. इतके दोष कुणी विकताना सांगत नाही.

"इसका मिस्त्री कौन था?" त्यानं विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "मैंच."

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं, मान हलवली. मी चावी दिली. चोक कसा सोडायचा ते एकदा करून दाखवलं. त्यानं तसंच केलं, गाडी अंगणातून बाहेर काढली आणि गेला.

मी कुंपणाशी उभी होते. आणि मला उमगलं की मी त्यांचं नाव घेतलंच नाही. त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडून सहज "मीच" निघालं, जणू या गाडीला दुसरं कुणी कधी नव्हतं. मला धावत जाऊन त्याला थांबवावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं, भाऊ, चुकलं माझं, मिस्त्री आमचे हे होते, माधवराव, मी नुसते त्यांचे हात होते.

पण गाडी तोवर मोठ्या रस्त्याला लागली होती. आणि चांगली चालत होती.